मराठी मथळ्यासाठी ठळक गोलसर अक्षर: ‘बलू २’ आणि ‘मोदक’ कसे वापरावेत

खाऊच्या पाकिटावरचं नाव, बालनाट्याची जाहिरात, उन्हाळी शिबिराचं पोस्टर, आइस्क्रीमच्या दुकानाची पाटी. अशा ठिकाणी जाड, गुबगुबीत, कोपरे मऊ केलेलं अक्षर शोभून दिसतं. देवनागरीत असं अक्षर मोफत आणि युनिकोडमध्ये हवं असेल, तर दोन नावं आधी घ्यावी लागतात: ‘बलू’ आणि ‘मोदक’. दोन्ही फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले आहेत आणि दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मिळतात. वापरायला ते सोपे वाटतात. अडचण छापून आल्यावर दिसते: ‘ब’चा ‘व’ झालेला असतो, शिरोरेषेला फटी पडलेल्या असतात, वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत घुसलेला असतो. या चुका का होतात ते कळलं की त्या टाळणं अवघड नाही.

आधी अक्षर नीट बघा

‘बलू’ जाड आहे, पण बोजड नाही. उभ्या रेघेतून वळणाकडे जाताना सांध्यावर टोचणारं टोक ठेवलेलं नाही, त्यामुळे रेघ एका ओघात वळते. रोमन अक्षरांमध्येही हेच धोरण आहे, म्हणून मराठी आणि इंग्रजी नाव शेजारी लिहिलं तरी दोन्ही एकाच घरातली वाटतात. मूळ ‘बलू’ला एकच वजन (म्हणजे रेघांची जाडी) होतं. २०१९ मध्ये आलेल्या ‘बलू २’ला पाच वजनं आहेत: ४००, ५००, ६००, ७०० आणि ८००. नव्या कामासाठी ‘बलू २’च घ्या. जुना ‘बलू’ फक्त जुन्या फाइली उघडण्यापुरता ठेवा, कारण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे फॉन्ट आहेत आणि एकाच्या जागी दुसरा आपोआप बसत नाही.

‘मोदक’ त्याच्याही पुढचा. तो आधी हाताने रेखाटून मग संगणकावर आणलेला आहे आणि त्याची जाडी इतकी टोकाची आहे की अक्षरातल्या पोकळ्या जवळजवळ नाहीशा होऊन नुसत्या बारीक चिरा उरतात. वजन एकच. तीन-चार अक्षरी नाव खूप मोठं लिहायचं असेल तर याच्यासारखा परिणाम दुसऱ्या देवनागरी फॉन्टने क्वचितच साधतो. त्याहून लहान कामाला तो घेऊ नये.

या दोन्ही फॉन्टबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जाड अक्षर वाचलं जातं ते त्याच्या आतल्या पांढऱ्या जागेमुळे. ‘ब’च्या पोटातल्या तिरप्या रेघेच्या दोन्ही बाजूंची जागा बुजली की तो ‘व’ दिसतो. ‘ष’ची बुजली की ‘प’. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांतला फरक तर एका लहानशा गाठीवर किंवा वरच्या फटीवर उभा असतो. म्हणून आकार ठरवताना काळ्या रेघेकडे न बघता सगळ्यात लहान पांढऱ्या जागेकडे बघायचं. पुढच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतूनच निघतात.

रोमन लिपीत जाड मऊ अक्षरांची परंपरा जुनी आहे. १९२२ मधला ‘कूपर ब्लॅक’ आजही वापरात आहे. पण तिथे रेघ जाड करायला जागा भरपूर असते. देवनागरीत वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, रकार, कधी खाली लोंबणारं जोडाक्षर. ‘विद्यार्थ्यांची’ या एका शब्दात एवढं काही कोंबलेलं असतं की प्रत्येक रेघ सारखी जाड केली तर डागच उरेल. त्यामुळे अशा फॉन्टमध्ये आडव्या रेघा उभ्या रेघांपेक्षा थोड्या बारीक ठेवाव्या लागतात आणि गर्दीच्या अक्षरांत जाडी चोरावी लागते. रचनाकाराने हे काम मापून केलेलं असतं. वापरणाऱ्याने त्याच्यावर आणखी जाडी थापली की ते सगळं वाया जातं.

फॉन्ट बसवणं

गूगल फॉन्ट्सवर शोधताना बलूचं इंग्रजी स्पेलिंग बी, ए, एल, ओ, ओ असं करा आणि पुढे २ हा आकडा लिहा. उतरवलेल्या झिप फाइलमध्ये दोन प्रकार मिळतात: एक व्हेरिएबल फाइल, जिच्यात पाचही वजनं एकत्र असतात, आणि ‘स्टॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक वजनाची सुटी फाइल.

दोन्ही एकदम बसवू नका. फॉन्टच्या यादीत एकच नाव दोनदा येतं आणि कुठली फाइल लागली ते कळत नाही. तुमचा प्रोग्रॅम नवा असेल तर व्हेरिएबल चालेल. कोरलड्रॉच्या २०२० आधीच्या आवृत्त्यांना व्हेरिएबल फॉन्ट कळत नाही, तिथे सुट्या फाइलीच बसवा. छपाईवाल्याकडे कुठली आवृत्ती आहे हे माहीत नसेल तर सुट्या फाइली जास्त सुरक्षित.

विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स’ निवडा. नुसतं ‘इन्स्टॉल’ केलं तर फॉन्ट फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो आणि काही जुन्या प्रोग्रॅमना तो दिसतच नाही. मग चालू प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. फोनवर पिक्सेललॅबसारखं ॲप वापरत असाल तर त्यातही सुटी टीटीएफ फाइल आयात करता येते.

आता प्रोग्रॅमला देवनागरी नीट जुळवता येते का ते बघा. ‘उन्हाळी शिबिर’ लिहा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली किंवा जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर सुटं दिसलं, तर फॉन्ट चांगला असून प्रोग्रॅमची सेटिंग चुकलेली आहे. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’ विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर खूण करा आणि मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा कंपोझर निवडा. इनडिझाइनमध्ये त्याच मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ आहे, फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’. इंकस्केपमध्ये वेगळं काही करावं लागत नाही. लिबरऑफिसमध्ये मात्र नवखे हमखास अडकतात: तिथे देवनागरीचा फॉन्ट ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या वेगळ्या रकान्यात निवडावा लागतो. वरच्या रकान्यात कितीही बदल केला तरी मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो.

मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर बलू लावताच त्याचा इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होतो. त्या जुन्या पद्धतीत ‘क’च्या जागी साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, फक्त त्याचं चित्र ‘क’चं. असा मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग एकेक शब्द तपासा, कारण जोडाक्षरं आणि रफार कन्व्हर्टरमध्ये बऱ्याचदा हलतात. मथळा चार शब्दांचा असेल तर सरळ नव्याने टाइप करा.

मराठीची चाचणी

कुठलाही देवनागरी फॉन्ट मराठीसाठी घेण्याआधी एक ओळ लिहून बघावी. ही ओळ ठेवून द्या:

शाळा, तऱ्हा, दऱ्या, ॲप, ऑफिस, क्षण, ज्ञान, श्रीखंड, शुद्ध, विठ्ठल, बाह्य, हृदय, रुपये, रूप, विद्यार्थ्यांची, बाळ, वाळ, घर, धर.

एखाद्या जागी रिकामी चौकट आली तर ते चिन्ह फॉन्टमध्ये नाही. ‘तऱ्हा’तला अर्धा ‘र’ आडव्या झुपक्यासारखा आला पाहिजे, रफार होऊन वर जाता कामा नये. इथे चूक फॉन्टपेक्षा टायपिंगची जास्त असते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग स्लॅश असं टाइप केलं की ‘ऱ्य’ येतो. काही जण साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक टाकून तेच रूप आणतात. ते पडद्यावर ठीक दिसतं, पण कॉपी-पेस्ट करताना तो जोडक गळाला तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या सहलीच्या पोस्टरवर समुद्र छापला जाणं कुणालाच परवडत नाही.

‘ल’ आणि ‘श’ वेगळे तपासा. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरायचा, असं महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही नोंदवलेलं आहे. हिंदी वळणाची रूपं मराठी डोळ्याला लगेच खटकतात, आणि मोठ्या जाड अक्षरात तर जास्तच. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मराठी रूप येण्यासाठी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी सांगावी लागते: इनडिझाइन-इलस्ट्रेटरमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधून, वेबपानावर ‘लँग’ या गुणधर्मात मराठीचा संकेत देऊन. भाषा बदलल्यावर अक्षर बदललं तर काम झालं. नाही बदललं तर फॉन्टमधली सगळी रूपं दाखवणारं ग्लिफ्स पॅनेल उघडून त्यात दुसरं रूप आहे का ते शोधा.

बी दाबू नका

जाड फॉन्टवर होणारी सगळ्यात महागडी चूक ही. ‘मोदक’ आणि जुना ‘बलू’ यांना एकच वजन आहे आणि फॉन्टच्या नोंदीत ते ‘रेग्युलर’, म्हणजे ४००, असं लिहिलेलं असतं. अक्षर डोळ्याला कितीही जाड दिसो, संगणक त्याला साधंच समजतो. मग वर्डमध्ये ‘बी’ हे ठळक करण्याचं बटण दाबलं की प्रोग्रॅम अक्षराच्या कडेला कृत्रिम जाडी लावतो आणि पोकळ्या बुजतात. वेबपानावर तर काही न दाबताच हे घडतं, कारण मुख्य मथळ्याचं मूळ वजन ब्राउझरच्या लेखी ठळक असतं. ‘मोदक’ लावलेल्या मथळ्याला फॉन्ट-वेट ४०० असं स्पष्ट लिहा आणि फॉन्ट-सिंथेसिस ‘नन’ करा. ‘बलू २’मध्ये ८०० हवं असेल तर ८०० ची फाइल खरोखर मागवली आहे ना ते बघा. फक्त ४०० मागवून सीएसएसमध्ये (वेबपानाच्या रूपाच्या सूचनांत) ८०० लिहिलं की पुन्हा तीच नकली जाडी मिळते.

तिरपं करण्याचं बटणही टाळा. या फॉन्टना तिरपं रूप नाही. प्रोग्रॅम अक्षर नुसतं ढकलतो, आणि गोल वळणं चेपल्यासारखी दिसतात.

अक्षरांतलं अंतर

देवनागरी मजकुराला ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांतलं सरसकट वाढवलेलं किंवा कमी केलेलं अंतर, शून्य. यात तडजोड नाही. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेला नेमकी भिडेल अशा मापाने काढलेली असते. ट्रॅकिंग ५-१० ने वाढवलं की मोठ्या आकारात फटी दिसतात. कमी केलं तर रेषा एकमेकींवर चढतात आणि कडेला आउटलाइन देताना तो चढाव उघडा पडतो. कर्निंग (शेजारच्या दोन अक्षरांतलं अंतर जुळवण्याची सेटिंग) ‘ऑप्टिकल’वर न ठेवता ‘मेट्रिक्स’ किंवा ‘ऑटो’वर ठेवा. दोन्ही बाजूंना समास जुळवलेल्या परिच्छेदात अक्षरांतलं अंतर बदलायची परवानगी बंद करा, फक्त शब्दांतलं अंतर बदलू द्या.

रोमन अक्षरांचं वेगळं आहे. ‘बलू २’च्या ८०० मधलं इंग्रजी नाव फार मोठं लिहिताना ट्रॅकिंग उणे १० ते उणे २० केलं तर ते बांधेसूद दिसतं. एकाच ओळीत दोन्ही लिप्या असतील तर इंग्रजी शब्द वेगळा निवडून त्यालाच हे लावा.

आकार

पॉइंटमधला आकार म्हणजे अक्षराची उंची असं समजू नका. १८० पॉइंट म्हणजे सुमारे ६३ मिलिमीटर, पण त्यात वरच्या वेलांटीची आणि खालच्या उकाराची जागाही धरलेली असते. वाचणाऱ्याला उपयोगी असते ती शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची, आणि ती बरीच कमी भरते. पट्टी घेऊन तीच मोजा. लांबून वाचायच्या पाटीसाठी साधा हिशोब असा, की दर १० फूट अंतराला ही उंची निदान १ इंच असावी. रस्त्यापलीकडून ४० फुटांवरून वाचायचं नाव ४ इंच. ‘मोदक’मध्ये चिरा बारीक असल्याने याच्या दीडपट धरा.

कागदावर ‘बलू २’चं ८०० वजन १६ पॉइंटच्या खाली नेऊ नये. उपमथळा १२-१४ पॉइंटचा असेल तर वजन ६०० वर आणा, आतली जागा मोकळी होते. ‘मोदक’ला ४० पॉइंट ही किमान मर्यादा, आणि तीही गुळगुळीत कागदावर. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या १०८० गुणिले १०८० पिक्सेलच्या चित्रात मथळ्याच्या अक्षराची उंची ९० पिक्सेलच्या वर ठेवा. चित्र पाठवताना आकुंचन होतं आणि बारीक चिरा आधी धुरकट होतात.

पडद्यावर झूम करून बघितल्याने काहीच कळत नाही. साध्या प्रिंटरवर मथळा खऱ्या आकारात काढा, भिंतीला लावा, ज्या अंतरावरून लोक बघणार आहेत तिथे उभे राहा. ज्याला मजकूर माहीत नाही अशा माणसाला वाचायला सांगा. तुम्हाला शब्द आधीच माहीत असतो, त्यामुळे तुमचा डोळा ‘व’लाही ‘ब’ वाचून टाकतो.

ओळींमधलं अंतर

‘बलू २’ नुसता लावला की दोन ओळींत बरीच मोकळी जागा दिसते, कारण वर-खालच्या सगळ्या चिन्हांसाठी ती राखून ठेवलेली असते. दोन ओळींच्या मथळ्यात ती जागा फार वाटते आणि मथळ्याचे दोन तुकडे पडतात. अंतर अक्षराच्या आकाराच्या १.१ पटीपासून सुरू करा आणि मग प्रत्यक्ष शब्द बघा. वरच्या ओळीत उकार, रकार किंवा ‘हृ’सारखं काही आहे का? खालच्या ओळीत त्याच्या नेमकं खाली वेलांटी, मात्रा, रफार आहे का? दोन्ही नसतील तर १.० पर्यंत, कधी ०.९ पर्यंतही जाता येतं. दोन्ही असतील तर १.२५ च्या खाली टक्कर होते. शब्द एका ओळीतून दुसऱ्या ओळीत ढकलून टक्कर चुकवता येते, तो उपाय अंतर वाढवण्यापेक्षा बरा.

चौकटीत किंवा बटणावर मजकूर मध्यभागी बसवताना प्रोग्रॅमचं ‘सेंटर’ बटण फसवतं. डोळा शिरोरेषा आणि पाया यांच्यामधल्या पट्ट्याला मध्य मानतो. प्रोग्रॅम वेलांट्यांसकट सगळं मोजतो. वर वेलांटी असलेला शब्द यामुळे थोडा खाली उतरलेला दिसतो. हाताने वर घ्या.

एक पोस्टर, पहिल्यापासून

ए-थ्री आकाराचं, २९७ गुणिले ४२० मिलिमीटरचं पोस्टर धरू. मथळा: उन्हाळी शिबिर.

१. चारही बाजूंना २० मिलिमीटर समास सोडा. मजकुराला २५७ मिलिमीटर रुंदी उरते.

२. मथळा दोन ओळींत तोडा. ‘बलू २’, वजन ८००, १८० पॉइंट. मग ‘उन्हाळी’ हा शब्द उपलब्ध रुंदीच्या चार-पंचमांश भरेपर्यंत मोठा करा. ‘शिबिर’ त्याच आकारात ठेवा. तो आखूड पडला म्हणून ताणून रुंदी जुळवू नका, रेघांची जाडी बिघडते.

३. ‘उन्हाळी’च्या खाली काही लोंबत नाही, म्हणून ओळींमधलं अंतर ०.९५ पट चालेल. ‘शिबिर’च्या दोन वेलांट्या वरच्या ओळीच्या पायाला टेकत नाहीत एवढं बघा.

४. बाकी मजकूर ‘मुक्ता’मध्ये. तोही एक टाइपचाच साधा, वाचायला निवांत फॉन्ट आहे आणि त्याला सात वजनं आहेत. तारीख, वेळ, ठिकाण ६०० वजनात २८ पॉइंट, तपशील ४०० वजनात १८ पॉइंट. तपशिलालाही बलू लावला की मथळ्याचा जोर जातो.

५. रंग दोन, फार तर तीन. पिवळ्यावर गडद लाल किंवा निळा चांगला. पांढऱ्यावर पिवळं अक्षर कितीही जाड असलं तरी लांबून नाहीसं होतं. पडद्यासाठी मोठ्या अक्षराचा पार्श्वभूमीशी फरक किमान ३:१ आणि लहान मजकुराचा ४.५:१ असावा, हा वेबवरचा मान्य निकष आहे. तोच पोस्टरलाही लावा.

६. भोवती पांढरी कड हवी असेल तर मूळ अक्षराला स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, देऊ नका. स्ट्रोकचा अर्धा भाग आत जातो आणि पोकळी खातो. अक्षराची प्रत काढा, ती मागे ठेवा, तिला जाड स्ट्रोक द्या आणि सांधे ‘राउंड’ करा. डिफॉल्ट टोकदार सांध्यांमुळे गोल अक्षराला काटे फुटतात. अक्षराच्या उंचीच्या ५ टक्के कड पुरते.

व्हेरिएबल फाइलमधून लिहिलेल्या अक्षरात एकमेकांवर चढलेले भाग सुटे राहिलेले असू शकतात. स्ट्रोक दिल्यावर आतून रेघा दिसू लागल्या तर हेच कारण. अक्षरं आउटलाइन करून (म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचे नुसते आकार करून) इलस्ट्रेटरमध्ये ‘युनाइट’, कोरलमध्ये ‘वेल्ड’, इंकस्केपमध्ये ‘युनियन’ करा.

छपाईला देताना

फ्लेक्सवाले ‘कर्व्ह करून पाठवा’ (म्हणजे मजकुराचे नुसते आकार करून) म्हणतात ते योग्यच आहे. त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट नसतो आणि दुसरा फॉन्ट लागला तर जोडाक्षरं कोसळतात. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. त्याआधी शुद्धलेखन तपासा आणि टाइप केलेली मूळ फाइल वेगळी जपा, कारण कर्व्ह झालेल्या मथळ्यातली वेलांटी दुरुस्त करणं म्हणजे ती नव्याने चिकटवणं. कर्व्ह केल्यावर कोरलमध्ये ‘ब्रेक अपार्ट’ दाबू नका. पोकळ्या सुट्या वस्तू होऊन अक्षरावर काळ्या बसतात. दाबलंच गेलं तर अक्षर आणि त्याची पोकळी निवडून ‘कंबाइन’ करा.

वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर असेल तर शाई बाहेरून आत येते आणि अक्षर बारीक होतं, म्हणून तिथे ८०० वजन चालतं. पांढऱ्यावर काळं असेल तर पोकळ्या बुजतात, तिथे ७०० घ्या. टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक फट शाईने भरते. ‘मोदक’ छापायचा असेल तर कर्व्ह करून सगळ्यात बारीक चीर खऱ्या आकारात मोजा आणि ती त्याहून बारीक निघाली तर नाव मोठं करा.

विनायल कापायला गोल अक्षर सोयीचं, कारण टोकदार कोपरे आधी सुटतात आणि इथे ते नसतातच. अडचण येते ती सोलताना: ३ मिलिमीटरहून लहान पोकळीचा तुकडा नेमका काढणं कठीण जातं आणि ओढताना शेजारची रेघही निघून येते. रांगोळीच्या किंवा रंगाच्या साच्यासाठी अक्षर कापायचं असेल तर ‘ब’, ‘क’, ‘ष’ यांच्या आतले तुकडे गळून पडतात. त्यांना बाहेरच्या भागाशी जोडणारे ३-४ मिलिमीटरचे पूल स्वतः काढावे लागतात. भरतकामात सुमारे ७ मिलिमीटरपेक्षा रुंद रेघेला सॅटिन टाका लावला तर धागे लांब होऊन अडकतात, तिथे भरीव टाका सांगा.

ॲक्रिलिकच्या उठावदार पाटीत शिरोरेषेचा फायदा मिळतो. सगळा शब्द एकसंध कापला जातो आणि भिंतीवर सरळ बसवणं सोपं होतं. सुटे राहतात ते अनुस्वार, चंद्रकोर आणि नुक्ते. त्यांना स्वतंत्र खिळा किंवा मागे पारदर्शक पट्टी लागते. कामाची यादी देताना त्यांची संख्या लिहून द्या, कारण पाटी लागल्यावर पहिला हरवलेला दिसतो तो अनुस्वार.

महाराष्ट्रातल्या दुकानाची पाटी असेल तर आणखी एक माप आहे. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार मराठी नाव देवनागरीत आधी यायला हवं आणि त्याची अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. दोन्ही नावांना सारखा पॉइंट आकार देऊन थांबू नका. शिरोरेषेपासून पायापर्यंतचं माप इंग्रजी मोठ्या अक्षराच्या उंचीपेक्षा कमी भरत असेल तर मराठी वाढवा. पाटीवर किंवा पाकिटावर तिसरी लिपी येणार असेल तर बलूची भावंडं आहेत: गुजरातीसाठी ‘बलू भाई’, गुरुमुखीसाठी ‘पाजी’, कन्नडसाठी ‘तम्मा’, तेलुगूसाठी ‘तम्मुडू’, तमिळसाठी ‘थंबी’, मल्याळमसाठी ‘चेट्टन’, बंगालीसाठी ‘दा’, ओडियासाठी ‘भैना’. कोल्हापुरातून बेळगावला जाणाऱ्या मालाच्या पाकिटावर मराठी आणि कन्नड नाव एकाच वळणात आणायला याहून सोपा मार्ग नाही.

कुठे वापरू नये

परिच्छेदाला नको. सहा-सात शब्दांपुढे जाड अक्षर थकवतं. लहान मुलांच्या पुस्तकात ‘बलू २’चं ४०० किंवा ५०० वजन २०-२४ पॉइंटमध्ये दोन-तीन ओळींपर्यंत छान वाचलं जातं, त्याहून लांब मजकुराला मुक्ताच बरा. श्रद्धांजलीचा फलक, कायदेशीर नोटीस, दवाखान्यातल्या सूचना, औषधाचं लेबल इथे हे अक्षर शब्दांचा सूरच बदलतं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ मोदकमध्ये छापली तर घरच्यांना ती लागते, आणि फॉन्ट बदलायला एक मिनिटही लागत नाही.

परवान्याचं थोडक्यात: दोन्ही फॉन्ट ‘एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आहेत. व्यावसायिक कामात, बोधचिन्हात, पाकिटावर, वेबपानावर, ॲपमध्ये पैसे न देता वापरता येतात, आणि अक्षराचं रूप बदलून बोधचिन्ह करायलाही मोकळीक आहे. फक्त फॉन्टची फाइल नुसती विकायला परवानगी नाही, आणि फॉन्टमध्येच फेरफार करून तो पुढे वाटायचा असेल तर तो याच परवान्याखाली द्यावा लागतो. बोधचिन्हासाठी अक्षर घेतलं असेल तर किमान एका अक्षराला स्वतःचं वळण द्या, कारण हेच फॉन्ट शेजारच्या दुकानालाही तितकेच मोफत आहेत.